पिस्तुलाची निवड आणि काडतुसांचा जमाखर्च

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला खरोखर भीती वाटावी अशी त्याच्या कर्त्याची इच्छा असते, त्या गेममध्ये नायकाच्या हाती शस्त्र द्यावे की नाही, आणि दिलेच तर ते किती समर्थ असावे, हा प्रश्न कर्त्याला आरंभीच सोडवावा लागतो. कारण नि:शस्त्र माणसाला केवळ पळणे आणि लपणे एवढेच शक्य असते, तर पुरेपूर सशस्त्र असलेल्या माणसाला भिण्याचे काही कारण उरत नाही. या दोन टोकांच्या मधली जी अरुंद जागा आहे, तिच्यावर ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गेमचा मोठा भाग उभा आहे, आणि तेथे पाय रोवून राहण्यासाठी त्यांनी जो उपाय योजला तो साधा असला तरी विलक्षण परिणामकारक ठरला : शस्त्र द्यावे, पण दारूगोळा मोजून द्यावा.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ साली काढलेल्या ‘स्वीट होम’ या गेममध्ये या उपायाची पूर्वचिन्हे दिसतात. पण त्याला सुस्पष्ट रूप आले ते त्याच कंपनीच्या, शिन्जी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९६ साली निघालेल्या ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये, जो जपानात ‘बायोहॅझर्ड’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या गेममध्ये ख्रिस या नायकाला जवळ बाळगता येत असत त्या केवळ ६ वस्तू आणि जिल या नायिकेला ८. खेळ जतन करावयाचा तर टंकलेखन यंत्र सापडले पाहिजे आणि त्यात घालावयाची शाईची फीतही जवळ असली पाहिजे. आणि पिस्तुलाच्या गोळ्या तर इतक्या बेताच्या, की समोरून डुलत येणाऱ्या प्रेताला मारावे की त्याला वळसा घालून दार गाठावे, याचा विचार प्रत्येक वेळी नव्याने करावा लागे. तेथे पिस्तूल एकच होते आणि ते जसे होते तसेच वापरावयाचे होते. निवडीचा प्रश्न पुढे आला, तो ९ वर्षांनी.

जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूब या यंत्रासाठी प्रसिद्ध झालेल्या ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ची सूत्रे मिकामी यांनी पुन्हा स्वत:कडे घेतली, आणि भीतीच्या या खेळात एक रीतसर बाजारपेठ उघडली. लिऑन केनेडी हा अमेरिकी हस्तक राष्ट्राध्यक्षांच्या पळवून नेलेल्या मुलीचा, ॲशलीचा, शोध घेत स्पेनमधल्या एका आडवळणाच्या खेड्यात येतो. ‘लास प्लागास’ नावाच्या परोपजीवी किड्यांनी ग्रासलेले तेथील गावकरी कोयते, कुऱ्हाडी आणि गवत उपसण्याचे दाताळे घेऊन त्याच्यावर चालून येतात. आणि या सगळ्या धुमाळीत एक अंगरखाधारी व्यापारी जागोजागी त्याची वाट पाहत उभा असतो. हा व्यापारी शस्त्रे विकतो, विकत घेतो, आणि पैसे मोजल्यास हातातल्या शस्त्रात सुधारणाही करून देतो. या सुधारणांनाच खेळाडू ‘अपग्रेड’ म्हणतात. चलन आहे पेसेटा. कथानक २००४ सालचे, आणि स्पेनने पेसेटा व्यवहारातून काढून युरो स्वीकारला तो २००२ साली. तेव्हा या खेड्यापर्यंत सरकारचा हात किती क्षीणपणे पोहोचत असेल याची कल्पना त्या नाण्यांवरूनही यावी.

व्यापाऱ्याच्या दुकानात काय मिळते याहूनही काय मिळत नाही, याकडे खेळाडूने पहिल्याच भेटीत लक्ष दिले पाहिजे. त्याच्याकडे बंदुका आहेत, रॉकेट लाँचर आहे, जखमेवर मारावयाचा औषधी फवारा आहे, सामान ठेवण्याची मोठी पेटीही आहे. पण गोळ्या नाहीत. गोळ्या मिळतात त्या फुटलेल्या पिंपांतून, कपाटांच्या खणांतून आणि पडलेल्या शत्रूंच्या जवळ, आणि त्या किती मिळाव्यात हे खेळाडूच्या हाती नसते. पैसा मुबलक झाला तरी त्याने गोळ्यांची डबी येत नाही. त्यामुळे पैशाने गोळ्या वाचविता कशा येतील, म्हणजेच असलेल्या गोळ्यांकडून अधिक काम कसे करून घेता येईल, हाच या दुकानातल्या प्रत्येक खरेदीचा खरा मुद्दा होऊन बसतो; आणि ज्याने तो ओळखला त्याची निम्मी निवड तेथेच झाली असे मी म्हणेन.

पिस्तुले एकूण पाच. आरंभी लिऑनच्या कमरेला असते ते साधे पिस्तूल, ज्याला वेगळे नावही नाही; मग १४,००० पेसेटांचे ‘रेड नाइन’, २०,००० चे ‘पनिशर’, २४,००० चे ‘ब्लॅकटेल’ आणि ७०,००० चे ‘माटिल्डा’. यांपैकी माटिल्डा हे एकदा खेळ पुरा केल्यावाचून विकावयास येत नाही, म्हणून त्याचा विचार तूर्त बाजूस ठेवू. उरलेल्या चौघांच्या बाबतीत व्यापारी चार कलमांवर पैसे घेतो : गोळीचे बळ, गोळ्या झाडण्याचा वेग, पुन्हा भरण्याचा वेग आणि मॅगझिनची क्षमता. ही चारही कलमे शेवटच्या पायरीपर्यंत नेली म्हणजे पाचवे, ज्याला ‘एक्सक्लूझिव्ह’ म्हणतात ते, त्या त्या पिस्तुलाचे स्वत:चे वैशिष्ट्य खुले होते. पायऱ्या सगळ्या एकदम मिळत नाहीत. कथानक पुढे सरकेल तशा व्यापाऱ्याच्या यादीत त्या वाढत जातात. म्हणून पैसा हाती असूनही काही काळ थांबावे लागते, आणि थांबलेला पैसा भलत्याच शस्त्रावर खर्च करण्याचा मोह अनेकांना होतो.

तो मोह का टाळावा हे समजण्यासाठी या खेळातील एक संकेत नीट ध्यानात घेतला पाहिजे. वास्तव जगात प्रत्येक पिस्तुलाचे काडतूस निराळे असू शकते. पनिशरची घडण ज्या बेल्जियन पिस्तुलावरून, एफ. एन. फाइव्ह-सेव्हनवरून, घेतलेली आहे त्याची ५.७ मिलिमीटरची गोळी दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या पिस्तुलात बसणार नाही. खेळात मात्र पाचही पिस्तुले एकाच साठ्यातून गोळ्या घेतात. शिवाय पडलेल्या शत्रूंजवळ सापडणारा दारूगोळा हा पेटीत जी शस्त्रे असतील त्यांना अनुरूप असाच असतो. शॉटगन बाळगली तर शॉटगनची काडतुसे येऊ लागतात, रायफल बाळगली तर रायफलची. आता एका पिस्तुलाच्या जोडीला दुसरे पिस्तूल घेतले तर काय होईल? गोळ्यांचा नवा प्रवाह सुरू होणार नाही, कारण प्रवाह तोच आहे. पेटीतील जागा ज्या चौकोनांत मोजली जाते त्यांतले सहा-आठ चौकोन मात्र अडतील, आणि सुधारणांचा पैसा दोन ठिकाणी वाटला जाऊन दोन्ही पिस्तुले अर्धवट राहतील. म्हणून कोणकोणत्या पिस्तुलांत सुधारणा कराव्यात या प्रश्नाला माझे उत्तर एकवचनी आहे : एकाच. जे दुसरे हाती येईल ते पहिल्याची जागा घेण्यासाठी यावे, त्याच्या शेजारी बसण्यासाठी नव्हे.

सुधारणेच्या चार कलमांपैकी बळ हे सर्वांत महत्त्वाचे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. कारण गोळ्यांची बचत करणारे कलम तेवढेच आहे. साध्या पिस्तुलाचे आरंभीचे बळ १.० धरलेले आहे आणि गोळ्यांची एक डबी १० ची असते. तीच डबी रेड नाइनमध्ये भरली तर आरंभीच्या १.४ या बळाने ती १४ गोळ्यांचे काम करते, बळ ३.७ वर नेले म्हणजे ३७ गोळ्यांचे. आणि शेवटच्या वैशिष्ट्याने ते ६.५ झाले की ६५ गोळ्यांचे. गोळ्या विकत मिळत नाहीत अशा मुलखात एका डबीच्या साडेसहा डब्या होणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

परंतु या हिशेबात एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. शत्रू अर्ध्या गोळीने मरत नाही. समजा, एखाद्या गावकऱ्याची सहनशक्ती ६ आहे. हा आकडा मी केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. ब्लॅकटेलचे बळ आरंभी १.६ असते, त्याने तो ४ गोळ्यांत पडेल. पुढची पायरी १.८ ची, तिनेही ४ च गोळ्या लागतील, म्हणजे त्या पायरीवर भरलेला पैसा या शत्रूपुरता निष्फळ गेला. त्यानंतरची २.० ची, तेथे ३ गोळ्या पुरतात. मग २.३ आणि २.७ या दोन्ही पायऱ्यांवर पुन्हा ३ च, आणि ३.० ला एकदम २. याचा अर्थ असा की बळाची वाढ आकड्यांत जरी सरळ रेषेने चढत असली, तरी तिचे फळ टप्प्याटप्प्यानेच पदरात पडते. एखाद्या पायरीनंतर काही फरक जाणवला नाही म्हणून निराश होऊन दुसरे पिस्तूल घेणारा खेळाडू कित्येकदा अशा टप्प्याच्या अगदी अलीकडे थांबलेला असतो. एकाच पिस्तुलाशी निष्ठा ठेवण्याचे हेही एक कारण.

मॅगझिनच्या क्षमतेचे कलम वरकरणी गौण वाटते, आणि लढाईच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी तसे आहेही. पण त्यात एक मौल्यवान तरतूद दडलेली आहे. क्षमता वाढवून घेतली की व्यापारी पिस्तूल परत देतो ते काठोकाठ भरून, आणि त्या गोळ्यांचे वेगळे पैसे घेत नाही. गोळ्या न विकणाऱ्या त्या दुकानातून गोळ्या मिळविण्याचा हाच काय तो मार्ग. रेड नाइनची क्षमता ८ पासून १०, १२, १५, १८ अशी वाढत २२ पर्यंत जाते. पिस्तूल पुरे रिकामे असताना शेवटची पायरी घेतली तर २२ गोळ्या, म्हणजे दोन डब्यांहून अधिक, पदरात पडतात. मॅगझिन अर्धे भरलेले असताना घाईने ही सुधारणा करून घेणे म्हणजे हाती आलेले सोडून देणे होय. म्हणून पैसा असला तरी क्षमतेची पायरी अडीअडचणीसाठी राखून ठेवावी, आणि गोळ्या संपत आल्या म्हणजे वापरावी, पावसाळ्याआधी भरून ठेवलेल्या धान्याच्या कणगीला गरज पडेल तेव्हाच हात लावावा तशी.

भरण्याच्या वेगाचे महत्त्व मात्र जो नुसते आकडे वाचतो त्याला कळत नाही. त्यासाठी त्या खेळातील एखादा प्रसंग जवळून पाहावा लागतो. २००५ च्या मूळ गेममध्ये नेम धरल्यावर लिऑनला पाऊल उचलता येत नाही. दारातून गावकरी आत शिरतो, लेझरचा लाल ठिपका त्याच्या गुडघ्यावर धरून एक गोळी झाडली की तो खाली झुकतो, आणि त्या क्षणी दोन पावले पुढे जाऊन लाथ मारली की तो आणि त्याच्या आसपासचे दोघेतिघे मागे फेकले जातात. गोळी लागली एक, आणि उसंत मिळाली सगळ्यांपासून. पिस्तुलाचा खरा उपयोग हा असा आहे. ते मारण्यापेक्षा शत्रूला अडविण्यासाठी आणि लाथेची संधी मिळविण्यासाठी अधिक कामी येते. ही साखळी तुटते ती मॅगझिन रिकामे होते तेव्हा. कारण भरणे पुरे होईपर्यंत लिऑन जागच्या जागी खिळलेला असतो आणि मागून आलेला कुऱ्हाडवाला मात्र खिळलेला नसतो. ब्लॅकटेल आणि पनिशर यांना भरण्यास आरंभी १.७० सेकंद लागतात आणि पूर्ण सुधारणेनंतर ०.८३, रेड नाइनला आरंभी २.३७ आणि अखेरीस १.६७. पूर्णावस्थेला पोहोचलेले रेड नाइन भरावयास इतरांच्या दुप्पट वेळ घेते, आणि त्याचे मॅगझिनही लहान असल्यामुळे ते भरण्याची वेळ अधिकदा येते. बळाची किंमत त्याने अशी वसूल केलेली आहे.

आता एकेका पिस्तुलाची कैफियत पाहू. साध्या पिस्तुलाचे बळ फार झाले तर २.० पर्यंत जाते. त्याचे वैशिष्ट्य असे की एका गोळीत डोके फोडण्याची शक्यता पाचपट होते. गावातल्या दिवसाउजेडी लढायांत हे वरदान वाटेल. पण दुसऱ्या प्रकरणापासून, रात्र पडल्यावर, फुटलेल्या डोक्याच्या जागी आतला किडा बाहेर पडून चाबकासारखी पाती फिरवू लागतो, आणि जो शत्रू मेला असे वाटले होते तो पूर्वीपेक्षा अधिक घातक होऊन समोर उभा राहतो. ज्या काळात हे वैशिष्ट्य हाती येऊ शकते, त्या काळात ते काही अंशी खेळाडूच्याच विरुद्ध जाऊ लागते. आरंभी हाती असलेले म्हणून या पिस्तुलावर माया जडणे स्वाभाविक आहे, आणि ज्यांनी शेवटपर्यंत तेच वापरून खेळ पुरा केला त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. पण पहिल्यांदाच खेळणाऱ्याने त्यावर पैसा घालू नये. पुढे ते विकले तर घातलेल्या रकमेचा एक अंशच परत येतो.

पनिशर पैसे न देताही मिळते, हा त्याचा मोठा गुण. शेतवाडीत ७ आणि स्मशानाच्या परिसरात ८ अशी १५ निळी पदके टांगलेली आहेत. त्यांतील १० नेम धरून फोडली की व्यापारी हे पिस्तूल बक्षीस देतो, आणि पंधराही फोडली तर त्याच्या बळाची एक पायरी वाढवून देतो. त्याची गोळी एकाला भेदून मागच्यालाही लागते, आणि शेवटच्या वैशिष्ट्याने ती पाच जणांपर्यंत जाते. ज्या बेल्जियन पिस्तुलावरून ते घेतले आहे त्याचे काडतूस चिलखत भेदण्यासाठीच तयार केलेले होते, त्याची ही आठवण असावी. अरुंद जिन्यावर किंवा पुलावर शत्रू एकामागे एक उभे राहिले तर हा गुण खुलतो. पण शत्रू असे उभे राहतीलच याचा भरवसा नाही, आणि १.९ पलीकडे न जाणारे बळ गावानंतरच्या टप्प्यातील, म्हणजे किल्ल्यातल्या, लढायांना अपुरे पडू लागते. तेव्हा पनिशर घ्यावे, वापरावे, आणि त्यात फारसा पैसा न गुंतवता योग्य वेळी विकून टाकावे, हे मला इष्ट वाटते.

रेड नाइनविषयी मला विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या गेममधील त्याचे स्थान आणि त्याचा इतिहास यांचा जवळचा संबंध आहे. हे पिस्तूल म्हणजे जर्मनीच्या ओबर्नडॉर्फ गावातील माउझर कारखान्याचे सी-९६, जे १८९६ पासून १९३७ पर्यंत तयार होत होते. चापाच्या पुढे बसविलेली गोळ्यांची चौकोनी पेटी, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ, आणि म्यान म्हणूनही वापरता येणारा लाकडी दस्ता, यांमुळे ते लांबूनही ओळखू येते. १८९८ साली सुदानमधल्या ओमदुर्मानच्या लढाईत तरुण विन्स्टन चर्चिल यांच्या हाती हेच होते. आणि २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी जी ५० पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळविली, ती पिस्तुलेही माउझरच होती, त्यामुळे हिंदी माणसाला हे नाव परके नाही. या पिस्तुलाचे मूळ काडतूस ७.६३ मिलिमीटरचे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याला तोटा पडला तेव्हा त्याने १,५०,००० माउझरांची मागणी नोंदविली, पण आपल्या नेहमीच्या ९ मिलिमीटरच्या काडतुसाला अनुरूप अशा स्वरूपात. आणि शिपायाने घाईत चुकीचे काडतूस भरू नये म्हणून मुठीवर ९ चा आकडा कोरून तो तांबड्या रंगाने भरला. त्या आकड्यावरून ‘रेड नाइन’ हे नाव पडले. खेळातले हे जुने पिस्तूल सर्वांच्या साठ्यातल्या गोळ्या घेते, याला असा खरा आधार आहे. काडतुसांचा साठा एकच असावा म्हणूनच ते शंभर वर्षांपूर्वी घडविले गेले होते.

खेळात ते भरतानाही लिऑन खालून मॅगझिन न सरकविता वरून गोळ्यांची पट्टी दाबतो, जसे खऱ्या माउझरमध्ये करावे लागे, आणि त्याच्या संथपणाचे कारण डोळ्यांना दिसते. दस्त्यावाचून त्याचा नेम हलतो. लेझरचा ठिपका लक्ष्याभोवती घोटाळत राहतो, आणि हललेला नेम म्हणजे वाया गेलेली गोळी, मग बळ कितीही असो. म्हणून रेड नाइन घ्यावयाचे तर दस्ताही त्याच खेपेस घ्यावा. दोन्ही मिळून पेटीत जागा बरीच अडते. साधे पिस्तूल ६ चौकोनांत मावते, रेड नाइनलाच ८ लागतात, आणि दस्ता त्याहून वेगळा. आरंभीच्या लहान पेटीत वनौषधी, अंडी, बॉम्ब आणि शॉटगन यांची मांडामांड करताना हे दोन-चार चौकोन फार महागाचे वाटतात; त्यामुळे पेटी वाढवून घेण्याचा खर्च मी या पिस्तुलाच्या खर्चातच धरतो.

ब्लॅकटेल किल्ल्यात, तिसऱ्या प्रकरणात, विक्रीस येते. त्याचे आरंभीचे बळ १.६ आणि पूर्णावस्थेतील ३.४; मॅगझिन १५ पासून ३५ पर्यंत; दस्त्याची गरज नाही; ६ चौकोनांत बसते. कोणत्याही एका गोष्टीत ते बेसुमार पुढे नाही, पण कोणत्याही गोष्टीत मागेही नाही. किल्ल्यातील झगाधारी साधू ढाली, मशाली आणि फिरते दंडुके घेऊन झुंडीने येतात, आणि तेथे भरण्यास लागणारे पाऊण-एक सेकंद आणि ३५ गोळ्यांचे मॅगझिन यांचा आधार मोठा असतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही, नेम चुकतो, घाबरल्यावर ज्याच्याकडून दोन गोळ्यांच्या जागी पाच झाडल्या जातात, त्याने ब्लॅकटेल घ्यावे. कारण चुका सावरून घेण्यास लागणारा वेळ तेच मिळवून देते.

माझा स्वत:चा कौल, तरीसुद्धा, रेड नाइनच्या बाजूने आहे. त्याचे पहिले कारण काळाचे. रेड नाइन गावातच मिळते, ब्लॅकटेल किल्ल्यात. मधल्या काळात ज्या गोळ्या झाडल्या जातात त्या सगळ्या रेड नाइन घेणाऱ्याच्या बाबतीत अधिक बळाने झाडल्या जातात, आणि त्यातून उरलेली शिल्लक तो पुढे घेऊन जातो. दुसरे कारण असे की त्याचा संथपणा खेळाडूला एक शिस्त लावतो. भरण्यास वेळ लागतो हे ठाऊक असले की माणूस पाठीशी भिंत ठेवून उभा राहतो, दोन गोळ्या उरलेल्या असतानाच मागे सरकून भरून घेतो, लाथेचा उपयोग शिकतो; आणि ही शिस्त या खेळाच्या मूळ स्वभावाशी जुळणारी आहे. ज्या प्रकारात भीती ही मोजून दिलेल्या दारूगोळ्यातून उत्पन्न होते, त्यात प्रत्येक गोळीला वजन असणारे शस्त्र मला अधिक शोभून दिसते. पूर्ण सुधारणा झाल्यावर ६.५ आणि ३.४ यांमधले अंतर इतके मोठे आहे की भरण्यातल्या उशिराची भरपाई त्यातून होऊन वर काही उरते.

एवढे सांगून पिस्तुलाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिसऱ्या टप्प्यावर, बेटावर, ‘रीजेनेरादोर’ नावाचे जे करड्या कातडीचे, घरघरत चालणारे प्राणी भेटतात, त्यांच्या शरीरातील किडे रायफलवर बसविलेल्या उष्णतादर्शक दुर्बिणीतूनच दिसतात. तेथे पिस्तुलाने गोळ्या उधळणे व्यर्थ आहे. म्हणून पिस्तुलाचे शेवटचे वैशिष्ट्य मिळविण्याच्या नादात रायफलला पैसा उरला नाही असे होऊ देऊ नये. पैसा वाढविण्याची एक तजवीज येथे उपयोगी पडते : मुखवटे, पेले, मुकुट असे जे मौल्यवान जिन्नस सापडतात, त्यांत बसविण्याची रत्ने पुढे कोठेतरी सापडतातच, आणि सगळी रत्ने बसवून विकलेल्या जिनसाला सुट्या वस्तूंच्या बेरजेपेक्षा पुष्कळ अधिक किंमत येते. गावात अडचणीत सापडून रिकामा मुखवटा विकणारा खेळाडू किल्ल्यात बळाची एक पायरी गमावतो.

२४ मार्च २०२३ रोजी कॅपकॉमने हाच गेम नव्याने घडवून प्रसिद्ध केला, आणि त्यात या हिशेबाची काही कलमे बदलली. तेथे चालता चालता नेम धरता येतो, त्यामुळे भरण्यातला उशीर पूर्वीइतका जीवघेणा राहिला नाही. बारूद आणि सुटे साहित्य यांपासून गोळ्या स्वत: करता येतात, त्यामुळे टंचाईची धार थोडी बोथट झाली. आणि रेड नाइन विकत घ्यावे लागत नाही, चौथ्या प्रकरणात सरोवरातल्या एका फुटक्या जहाजावर ते पडलेले सापडते. आरंभीचे पिस्तूल, ज्याला येथे ‘एसजी-०९ आर’ असे नाव मिळाले आहे, ते या आवृत्तीत पूर्वीपेक्षा अधिक विचारात घेण्याजोगे झाले, कारण त्याला लेझर बसविता येतो आणि रेड नाइनला येत नाही. शिवाय त्याचे पाचपट मर्मभेदाचे वैशिष्ट्य सगळ्या पायऱ्या न चढताही हाती येऊ शकते. त्यासाठी एक परवाना लागतो, जो ३० स्पिनेल मणी देऊन व्यापाऱ्याकडून घ्यावा लागतो, आणि हे मणी त्याने सांगितलेली लहानमोठी कामे केल्याने मिळतात. मणी मर्यादित असल्यामुळे हा परवाना पिस्तुलावर खर्च करावा की शॉटगनवर किंवा मॅग्नमवर, याचा विचार मणी साठण्यापूर्वीच करून ठेवावा. पिस्तुलाच्या पायऱ्या तुलनेने स्वस्त असल्यामुळे त्याच्या वैशिष्ट्यापर्यंत पैशानेच पोहोचावे आणि परवाना महागड्या शस्त्रासाठी राखावा, असे मला वाटते.

राहता राहिले माटिल्डा. एका चापात तीन गोळ्या झाडणारे हे पिस्तूल म्हणजे १९९८ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल २’मध्ये लिऑनच्याच हाती असलेल्या व्हीपी-७० चे पुनरागमन होय, तेथेही दस्ता जोडल्यावर ते तीन-तीन गोळ्या झाडीत असे. २००५ च्या गेममध्ये त्याचे शेवटचे वैशिष्ट्य मॅगझिन १०० गोळ्यांचे करते, आणि मॅगझिन वाढविताना ते भरून मिळते हा नियम येथेही लागू असल्यामुळे त्या एका सुधारणेत १० डब्यांइतक्या गोळ्या मिळतात. दुसऱ्या खेपेस आधीची शस्त्रे आणि शिल्लक पैसा जवळ असतो, टंचाई ओसरलेली असते, आणि पेटीत दोन पिस्तुले ठेवण्याची चैन परवडते. तेव्हा पहिल्या खेपेस रेड नाइन पूर्णत्वाला नेलेल्या खेळाडूने ते न विकता जवळ ठेवावे, माटिल्डाची १०० गोळ्यांची पायरी गोळ्या सरत येईपर्यंत राखून ठेवावी, आणि मग ती किल्ल्याच्या झुंडींसाठी खर्च करावी.